धाकट्याकडची हजेरी

"हात लावून बघा," क्रोल म्हणाला.

बाकावर त्यानं वर्तमानपत्राची गुंडाळी उघडली होती. आत नारळाएवढा लोखंडी गड्डा, आणि त्याच्या तोंडाला हरभऱ्यासारख्या टणक गोळ्या बसवलेल्या. मी हातमोजा काढून हात लावला. एवढ्याशा वस्तूसाठी सहा आठवडे मी अर्ध्या युरोपाच्या पाया पडत होतो.

"बोअरच्या गाडीच्या पहारीच्या टोकाला हे बिट बसतं," तो मास्तरासारखा सांगू लागला. "तुमच्या काळ्या खडकाचा नमुना मी स्वतः फोडून पाहिलाय. दोनशे फुटांपर्यंत याला काही होणार नाही."

"किती आहेत?"

"नऊशे. बंदरावर, पेट्यांत भरून. पेट्यांवर दुसऱ्या देशाचं नाव आहे. ते खोडून तुमचं लिहायला एक दिवस पुरे."

"मग खोडा ना!"

क्रोल हसला नाही. साठीचा, हाडकुळा, मूळचा खाणीतला इंजिनिअर. त्याच्या देशानं त्याला व्यापार प्रतिनिधी म्हणून या थंड राजधानीत आणून बसवला होता. आम्ही बसलो होतो ते सरकारी बागेतल्या काचेच्या घरात. बाहेर फेब्रुवारीचं बर्फ, आत ऊब देऊन जगवलेली एक केळ, आणि त्या केळीखाली आम्ही दोघं. त्याच्या कचेरीत मी जाऊ शकत नव्हतो आणि आमच्या दूतावासात तो येऊ शकत नव्हता. कारण सरकारी दृष्टीनं त्याचा देश अस्तित्वातच नव्हता.

हे नीट सांगायला हवं. देशांची नावं मी आजही लिहिणार नाही, नोकरी संपून जमाना झाला तरी तेवढी खोड गेलेली नाही. त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू. लढाईनंतर एका घराची वाटणी झाली होती आणि दोघंही म्हणत होते, खरं घर आमचंच. थोरल्याचा नियम असा, की जो धाकट्याच्या घरची पायरी चढेल त्याच्याशी आमचा संबंध संपला. भाऊबंदकी म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. थोरला श्रीमंत होता. आपल्याकडे एक मोठा खत कारखाना उभा करून द्यायचं त्यानं कबूल केलं होतं, करारावर मार्चमध्ये सह्या व्हायच्या होत्या. म्हणून आपण धाकट्याला मानत नव्हतो. त्याच्याकडून माल घेत होतो, पण मानत नव्हतो. मी तेव्हा दूतावासात द्वितीय सचिव होतो, वय एकतीस. या न मानलेल्या माणसाला केळीखाली भेटणं हे माझं काम होतं.

बिटं थोरल्याकडेही होती. त्यांनी मोठ्या आदबीनं आठ महिन्यांची मुदत सांगितली. आठ महिन्यांनी आमच्याकडे पुढचा पाऊस येऊन गेला असता, आला असता तर.

"मंगळवारी आमचा राष्ट्रदिन आहे," क्रोल गुंडाळी पुन्हा बांधत म्हणाला. "दुपारी बारा वाजता, मोठ्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर. तुमच्या दूतावासातलं कुणीतरी यायला हवं. कारकून चालणार नाही. राजनैतिक यादीत नाव असलेला माणूस. रांगेतून आत यायचं, माझ्याशी हात मिळवायचा, आमच्या झेंड्याखाली एक फोटो. तीन मिनिटं."

"ते शक्य नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मी वर कळवलंही तसं. वरून उत्तर आलं, फोटो नाही तर पेट्या नाहीत." त्यानं गुंडाळीची गाठ आवळली. "मिस्टर काटकर, मी जन्मभर जमिनीला भोकं पाडली आहेत. मला फोटोत काडीचा रस नाही. पण जहाज गुरुवारी चार वाजता सुटतं, आणि पुढचं जहाज मे महिन्यात."

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात तात्यांचं पत्र होतं. तात्या म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातल्या खडकमाळ नावाच्या आमच्या गावात छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक. निवृत्त झाले तरी पत्र लिहायचे ते शाळेच्या दप्तरी भाषेत. ते मला पाठ झालं होतं, आमच्या राजदूतांनाही मी ते दाखवलं होतं.

'चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद. बोअरची गाडी शाळेपुढे आज एकवीस दिवस उभी आहे. चाळीस फुटांवर तिचे बिट निकामी झाले. जिल्ह्यात अशा बारा गाड्या उभ्या आहेत असे कळते. गाडीवरची माणसे सावलीला पत्ते खेळतात. बिट परदेशातून यायचे आहे म्हणे. तू परदेशात आहेस म्हणून विचारतो, कोणी ओळखीचे असल्यास पाहावे. तुझी आई परवा विहिरीत उतरून वाटीने घागर भरत असता कपारीवरून घसरली. खुब्याचे हाड मोडले आहे. काळजी नसावी.'

काळजी नसावी! ते दोन शब्द वाचले की मला तात्यांचा राग यायचा, आणि मग रडू यायचं.

सोमवारी सकाळी मी थडानीसाहेबांसमोर उभा राहिलो. ते आमचे राजदूत. फाळणीत कराचीचं घर सोडून आलेले, बारीक अंगाचे, सगळी वाक्यं हळू आवाजात बोलणारे. मी क्रोलचं म्हणणं सांगितलं. ते ऐकता ऐकता पेन्सिलीला टोक करत राहिले.

"दिल्लीला विचारू या, सर," मी म्हणालो.

"विचारलं तर दिल्ली नाही म्हणेल. तिला म्हणावंच लागेल. मग तुम्ही काय करणार?"

"पण दिल्लीचीच तार आहे ना! बिटं ताबडतोब मिळवा."

"पुढची ओळ वाचा."

पुढची ओळ होती, 'मान्यतेच्या प्रश्नास कोणतीही बाधा येता कामा नये.'

माझा तोल सुटला. "मग हे सगळं कशासाठी चाललंय, सर? सहा महिने मी निःशस्त्रीकरणावर भाषणं लिहितोय. जगात शांतता कशी नांदेल ते मला तोंडपाठ आहे. तिकडे माणसं विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरताहेत. हे कसलं परराष्ट्र धोरण?"

"आवाज खाली." त्यांनी पेन्सिल ठेवली. "बसा. गरीब देशाचं परराष्ट्र धोरण काय असतं ते मी सांगतो. शेजारची दोन घरं भांडतात आणि आपल्या चुलीत विस्तव नाही. दोन्ही घरांतून विस्तव मागून आणायचा, आणि दोघांनाही वाटलं पाहिजे की हा आपल्याच बाजूचा. एकाकडून खत कारखाना, दुसऱ्याकडून बिटं. मला दोन्ही हवंय, काटकर. एक सोडून दुसरं घेतलं तर त्यात शहाणपण काय? भाषणं लागतात ती मागताना होणारा आवाज झाकायला."

"मग मंगळवारचं काय?"

"मंगळवारी मी शहरात नाही. विद्यापीठात व्याख्यान आहे, संध्याकाळी परत येईन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तुम्हाला जा म्हणत नाही."

"जाऊ नका असंही म्हणत नाही?"

"राजदूत गेला तर देश गेला असं धरतात. द्वितीय सचिव गेला तर चूक झाली असं धरतात. चूक दुरुस्त करता येते."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "आणि काटकर, कुठल्याही समारंभाला गेलात तर हातात ग्लास असू द्या. रिकाम्या हातानं उभा राहिलेला पाहुणा यजमानाला खुपतो."

"मी घेत नाही, सर."

"धरायला सांगतोय. प्यायला नाही."

मी घेत नाही हे दूतावासात चेष्टेचा विषय होता. आमचं घर माळकरी. मी चौथीत असताना तात्यांनी गावाबाहेरच्या हातभट्टीसमोर अकरा दिवस बसकण मारली होती. भट्टीवाल्यानं त्यांच्या अंगावर कुत्री सोडली, तरी उठले नाहीत. शेवटी भट्टी उठली. तेव्हापासून आसपासच्या सात-आठ गावांत कुणाचा पोरगा प्यायला लागला की त्याची आई त्याला तात्यांपुढे आणून उभी करायची. अशा माणसाचा मी मुलगा. परदेशी निघताना त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं आणि ते मी सहज पाळत होतो, त्यात माझी काही मर्दुमकी नव्हती.

मंगळवारी सव्वाबाराला मी हॉटेलात शिरलो. तिसऱ्या मजल्यावर त्याच वेळी एका मित्रदेशाच्या राजदूताचा निरोप समारंभ होता आणि त्याचं आमंत्रण माझ्या खिशात होतं. म्हणजे मी हॉटेलात असण्यात गैर काही नव्हतं. जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबलो की संपलं.

थांबलो. दारातल्या उंच माणसानं माझं कार्ड घेतलं आणि खणखणीत आवाजात देशाचं नाव उच्चारलं. आत कुजबुज चालू होती ती बंद पडली. दालनात जेमतेम तीस माणसं होती आणि खाद्यपदार्थ शंभरांचे मांडलेले. कुणी येत नसलेल्या घरचं लग्न असावं तसं दिसत होतं. क्रोल नवा सूट घालून झेंड्याखाली उभा होता. त्याचा हात घामानं ओला लागला.

"आलात," तो पुटपुटला.

"पेट्या?"

"रंगवायला घेतो. आधी इकडे बघा."

कुणीतरी माझ्या हातात ग्लास दिला. पिवळट काहीतरी होतं. मी तो छातीशी धरला. दिवा लखकन पेटला, पुन्हा एकदा पेटला. मग क्रोलनं मला दोन माणसांची ओळख करून दिली, मी मान हलवली, ग्लास जसाच्या तसा टेबलावर ठेवला आणि निघालो. तीनच मिनिटं झाली असतील. बाहेर पडताना माझे पाय हलके झाले होते, आणि हॉटेलच्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून मी असा घसरलो की दरवानानं धावत येऊन मला बगलेत धरलं. मला हसू आवरेना. खडकमाळच्या शाळेपुढची गाडी मला चालू झालेली दिसत होती. मी त्या दरवानाला मराठीत म्हणालो, "झालं बाबा, काम झालं!"

बुधवारच्या सकाळी थोरल्याच्या देशातल्या सगळ्यात खपाच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर माझा फोटो होता. वर झेंडा, शेजारी क्रोल, हातात ग्लास, आणि माझ्या तोंडावर मूर्खासारखं हसू. नऊ वाजता थोरल्याच्या राजदूताचा फोन आला. अकरा वाजता दिल्लीची तार आली. खत कारखान्याच्या सह्या स्थगित झाल्या होत्या. खुलासा ताबडतोब पाठवा. खुलासा होईपर्यंत धाकट्याकडून कुठलाही माल उचलू नका.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. जहाजाला एकोणतीस तास राहिले होते. दोन्ही घरांचा विस्तव गेला होता आणि तो मी घालवला होता. थडानीसाहेब दिवसभर दार लावून टेलिफोनवर होते. मी माझ्या टेबलाशी बसून राहिलो. जेवलो नाही. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला सारखी आईची ती घागर डोळ्यांपुढे येत होती, आणि मनात येत होतं की मी राजीनामा दिला, हात जोडले, काहीही केलं तरी त्या पेट्या आता बंदरावरच राहणार.

गुरुवारी सकाळी साडेदहाला त्यांनी बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचला. मी, खाली सही करणारा, दिनांक अमुक रोजी तिसऱ्या मजल्यावरील समारंभास जाण्यास निघालो असता मद्याच्या अमलाखाली असल्याने चुकून पहिल्या मजल्यावर गेलो. तेथे काय झाले याचे मला नीट स्मरण नाही. माझी मद्यपानाची सवय मी वरिष्ठांपासून लपवली होती. माझ्या सरकारचा या कृत्याशी कोणताही संबंध नाही.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"अर्थात."

"सर, मी दारूला शिवलेलो नाही. आयुष्यात नाही."

"फोटोत ग्लास आहे. दरवानानं तुम्हाला पायरीवर सावरलं, ते त्यानं पत्रकाराला सांगितलंय. तिसऱ्या मजल्याचं आमंत्रण तुमच्या नावाचं आहे. थोरल्याचा राजदूत मला काल म्हणाला, प्यालेला माणूस असेल तर आम्ही समजू शकतो, धोरण असेल तर नाही. त्यालाही करार मोडायचा नाहीये. त्याला फक्त एक कारण हवंय. बारापर्यंत हे त्याच्या हातात पडलं की तो त्याच्या सरकारला कळवतो, दिल्लीला ते पुरतं, आणि दिल्ली मला सांगेल की आधी ठरलेला माल उचलायला हरकत नाही. जहाज चारला आहे."

"दुसरं काही लिहा. मला वेड लागलं होतं असं लिहा!"

"वेडाला डॉक्टरचा दाखला लागतो. दारूला फोटो पुरतो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "सर, तो ग्लास..."

"हो," ते म्हणाले.

"म्हणजे सोमवारीच..."

"सोमवारच्या आधी. तुमच्या वडिलांचं पत्र तुम्ही मला दाखवलं त्या दिवशी. क्रोल हजेरी मागणार हे मला तेव्हाच दिसत होतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "हे काम ज्याला सांगायचं तो नाही म्हणणारा नको होता. पायऱ्यांवर घसरणं तेवढं तुमचं स्वतःचं."

मला त्यांच्या तोंडावर कागद फेकून मारावासा वाटला. तसं लिहितोय, कारण तसंच वाटलं होतं. त्या माणसाबद्दल मला आजही एकाच वेळी आदर आणि चीड वाटते आणि दोन्हींतलं एकही कमी होत नाही.

"माझे वडील माळकरी आहेत," मी म्हणालो. "गावोगाव दारू सोडवत फिरतात ते. त्यांना हे कळलं तर..."

"हा खुलासा गुप्त राहील. मी शक्य ते सगळं करीन."

"आणि नाही राहिला तर?"

त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"मी त्यांना खरं सांगू शकतो?"

"तुमचे वडील खोटं पचवतील? मुलगा निर्दोष आहे हे माहीत असताना कुणी त्याला दारूडा म्हटलं, तर गप्प बसतील?"

मी विचार केला. तात्या गप्प बसले नसते. त्याच दिवशी सहा पानी पत्र वर्तमानपत्राला गेलं असतं, स्वच्छ अक्षरात, खाली पूर्ण नाव आणि पत्ता. ते थोरल्यापर्यंत पोचलं असतं. तात्यांना सांगणं म्हणजे जगाला सांगणं.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सही केली. साहेबांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला, कोट चढवला आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

दिल्लीची परवानगी तीन वाजून पाच मिनिटांनी आली. साडेचारला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"आज बंदरावर हवा छान आहे," क्रोलचा आवाज आला. "नऊशेच्या नऊशे बिटं चढली, मिस्टर काटकर. मी स्वतः मोजली." मग म्हणाला, "मी तो खुलासा ऐकला. मला फार शरम वाटते."

"हवेचंच बोला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

खत कारखान्याचा करार एप्रिलमध्ये झाला. मला ठपका देऊन परत बोलावलं, पाच वर्षं बढती अडकली, ठरत आलेलं लग्न मुलीकडच्यांनी दोन ओळींच्या पत्रात मोडलं. गुप्त खुलासा गुप्त राहिला नाही. दिल्लीतून कुणीतरी तो बाहेर दिला आणि मार्चच्या शेवटी एका मराठी दैनिकात चौकट आली, 'परदेशात दारूच्या नशेत देशाची अब्रू घालवणारा सातारा जिल्ह्याचा अधिकारी.' नावासकट.

तात्यांचं पत्र आलं. नेहमीचा आशीर्वाद नव्हता. 'वर्तमानपत्र वाचले. खरे आहे काय? एका शब्दात कळवावे.'

ते उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. कितीतरी कागद फाडले. एका कागदावर सगळं खरं लिहिलं, केळीपासून सहीपर्यंत, पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि टपालपेटीपर्यंत जाऊन परत आलो. करार अजून व्हायचा होता. शेवटी लिहिलं, 'होय.'

तात्या पुढं सहा वर्षं जगले. खत कारखाना उभा राहीपर्यंत ते गेले होते, आणि थोरल्या-धाकट्याचं भांडण मिटून एक चूल झाली तेव्हा तर आईही नव्हती. सांगता येण्यासारखं झालं तेव्हा ज्याला सांगायचं तोच उरला नव्हता.

त्याच वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी गावी गेलो. यष्टी शाळेपुढे थांबते. उतरलो तर बायकांची ही रांग, कळश्या, हंडे, रॉकेलचे डबे, आणि रांगेच्या टोकाला हापसा. नवा कोरा, हिरवा रंग अजून न उडालेला. हापशाशी तात्या उभे. डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात वही, घराला चार हंडे याप्रमाणे खुणा करत होते. मी दिसलो तशी रांगेतली बडबड थांबली. एका बाईनं पदर पुढं ओढला आणि दुसरीच्या कानाशी लागली.

"कवा निघालास?" तात्यांनी विचारलं.

"सकाळी. साताऱ्याहून."

मी वाकून पाया पडलो. ते मागे सरकले नाहीत, पण हात डोक्यावर आला नाही.

"आई कशी आहे?"

"पडून हाय. बसती आता जरा." त्यांनी वही काखेत धरली आणि हापशाचा दांडा धरला. "उन्हातनं आलायस. पी पाणी."

मी ओंजळ धरली. दोन-तीनदा दांडा खालीवर झाला आणि पाणी आलं, मनगटाएवढं जाड. गार होतं, लोखंडाचा थोडा वास होता. मी प्यायलो, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायलो. माझे डोळे वाहायला लागले तेव्हा मी तेच पाणी तोंडावर मारून घेतलं.

"एकशे साठ फुटांवर लागलं," तात्या म्हणाले. "एप्रिलात गाडीला नवं बिट आलं. परदेशातनं आलं म्हणं. तालुक्यात आठरा ठिकाणी पाणी लागलंय. सभापती सांगत होता, तिकडं कुणीतरी आपला मानूस लई खटपट करत होता, त्याच्यामुळं आली ती बिटं. नाव काय त्याला ठावं न्हाई."

मी ओले हात रुमालाला पुसले.

"मी तुला लिवलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्या जवळ आले होते. "आईचा खुबा मोडला तवा लिवलं होतं, वळखीचं कुणी असलं तर बघ म्हणून. तूबी तितंच होतास की रं. त्यो कोण कुठला मानूस आमच्यासाठी दारोदार हिंडला. आन् तू पीत बसला होतास."

रागानं बोलले असते तर मला सोसलं असतं. पण त्यांचा खालचा ओठ थरथरत होता. त्या क्षणी मी सांगणार होतो. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तात्या, तो मीच. एवढंच वाक्य होतं. पण रांगेत पन्नास बायका होत्या, करारावरची शाई महिन्याभराची होती, आणि माझ्यासमोर असा माणूस होता ज्याला हे कळल्यावर तो या हापशावर उभा राहून ओरडून सांगितल्याशिवाय राहिला नसता.

"सुटली का?" त्यांनी विचारलं.

"सुटली," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं, तात्या."

"मग घे पाणी हातात." त्यांनी दांडा दाबला. माझ्या उजव्या हातात पाणी पडलं. ज्या पोरांची दारू ते सोडवायचे, त्यांच्याकडून असंच वदवून घ्यायचे, हे मी लहानपणी कितीदा तरी पाहिलं होतं. "म्हण, पुन्हा शिवणार न्हाई."

"पुन्हा शिवणार नाही."

"सोड खाली."

मी हात उलटा केला. पाणी मातीत गेलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "आवं मास्तर, वाया चाललंय की पानी."

तात्यांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले, वही उघडली आणि पुढच्या बाईचं नाव शोधू लागले.

"बाजूला हो, श्रीरंग," ते म्हणाले. "मानसं खोळंबल्यात."